किनवट ते परळ : कर्करुग्णाची वाट आणि परिचारिका



कर्करोगाचे निदान झाले म्हणजे उरला तो केवळ औषधोपचाराचा प्रश्न, असा जो समज सुशिक्षितांत रूढ आहे, तो नांदेड-लातूरकडच्या रुग्णाची पायपीट जवळून पाहिली म्हणजे टिकत नाही. किनवटचा शेतकरी विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात येतो. तेथून कुणी बार्शीस, कुणी संभाजीनगरास, तर कुणी देवगिरी एक्सप्रेसने थेट परळच्या टाटा रुग्णालयात जातो, आणि प्रत्येक मुक्कामी त्याच्या पिशवीत जे कागद वाढत जातात ते त्याने वाचावेत या हेतूने कुणी लिहिलेलेच नसतात.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत हॅरॉल्ड फ्रीमन या शल्यविशारदाने १९९० साली रुग्णासोबत वाटाड्या देण्याची प्रथा पाडली. आपल्याकडे टाटा स्मारक केंद्र व टाटा समाजविज्ञान संस्था यांनी त्यासाठी ‘केवट’ हा अभ्यासक्रम काढला. जीवनदायी योजना २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत नांदेड होते, आणि तिच्यासोबत आलेला आरोग्यमित्र शिधापत्रिका, अर्ज, मंजुरी हे दप्तर सांभाळतो. परंतु दहाव्या दिवशीच्या तापाची तजवीज हे त्याचे काम नव्हे.

तो ताप जरा तपशिलाने सांगितला पाहिजे. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, आणि रुग्ण त्या वेळी रुग्णालयात नसून आपल्या गावी ओसरीवर पडलेला असतो. अंग तापले की घरचे म्हणतात, ऊन लागले. एक गोळी देतात व सकाळची वाट पाहतात, आणि तेवढी एक रात्र कित्येकदा प्राणावर बेतते. जाणती परिचारिका पाठवणी करतानाच सुनेच्या हाती तापमापक देऊन तो वाचवून घेते, आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिते : ‘ताप १००.४ झाला की त्याच घटकेला दवाखाना.’ शेजारी दूरध्वनीचा क्रमांक. रेल्वेच्या सवलतीचा दाखलाही, डॉक्टरांची सही घेऊन, तीच मिळवून देते. त्यावर शयनयानात रुग्णाला भाडे पडत नाही, हे पुष्कळांना मुंबईच्या दोन खेपा झाल्यावर कळते.

“मावशी, औंदा रास कधी हाय?”

“दसऱ्याच्या पुढं, सिस्टर.”

हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. सोयाबीनची रास पडली की मावशी केमोची तारीख बिनदिक्कत चुकवणार, हे ओळखून परिचारिका डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवते. मागाहून रागावण्यापेक्षा हे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासाने, एकदाच केलेल्या विषाणूचाचणीने मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे २००९ साली जगाला दाखविले. चाचणीचा गौरव पुष्कळ झाला. दोष आढळलेल्या बाईला उपचारांपर्यंत नेणाऱ्या कार्यकर्त्यांचा मात्र तितका झाला नाही.

तेव्हा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशा एका परिचारिकेची नेमणूक व्हावी, ही मागणी मी करतो. तिच्याकडे वॉर्डाची पाळी नसावी, आणि मुदत भरताच तिची बदली होऊ नये, कारण स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकाची गोळीच पाच, कधी दहा वर्षे चालते.