लिनक्सवर नवीन आहात? मग सॉफ्टवेअर कुठून घेताय ते सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुने पण धडधाकट लॅपटॉप घेऊन बरेच जण लिनक्सकडे वळले. कुणी उबंटू टाकलं, कुणी मिंट. वॉलपेपर बदलून झाला, मित्राला स्क्रीनशॉट पाठवून झाला. आता व्हीएलसी पाहिजे, एखादा व्हिडिओ एडिटर पाहिजे, मराठी टायपिंग पाहिजे. मग हात आपोआप ब्राउझरकडे जातो. गुगलवर नाव टाका, पहिली लिंक, डाउनलोड, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. आज बोलायचंय ते या सवयीबद्दल.

कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं असतं की लिनक्सला व्हायरस लागत नाही. एक प्रकरण सांगतो, मग ठरवा.

फ्री डाउनलोड मॅनेजर नावाचं एक जुनं, लोकप्रिय सॉफ्टवेअर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी त्याबद्दल एक गोष्ट उघड केली. २०२० ते २०२२ या काळात त्याच्या अधिकृत साइटवर लिनक्सचं डाउनलोड बटण दाबलं, की काही लोकांना गुपचूप दुसऱ्याच साइटवरची डॉट डेब फाइल मिळत होती. सगळ्यांना नाही हं, काहींनाच. सॉफ्टवेअर नीट चालायचं, म्हणून शंका यायचं कारणच नव्हतं. पण सोबत आलेला प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी जागा व्हायचा. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, हिस्ट्री, क्रिप्टो वॉलेटच्या फाइली, क्लाउड अकाउंटच्या किल्ल्या, सगळं उचलून बाहेर पाठवायची सोय त्यात होती. काही लोकांनी त्या विचित्र फाइलींबद्दल इंटरनेटवर प्रश्नही विचारले होते. तरी हे प्रकरण वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता यात तांत्रिक गोम काय, ते बघा. डेब फाइल इन्स्टॉल करताना तुम्ही पासवर्ड देता. त्या क्षणी फाइलच्या आतली स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे घरमालकाच्या अधिकाराने चालते. आणि पासवर्ड न देता चालवलेला साधा प्रोग्रॅमसुद्धा तुमच्या होम फोल्डरमधलं सगळं वाचू शकतो. फोनवर तसं नसतं, तिथे प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. त्यामुळे 'मी सुडो दिलंच नाही' यात फार समाधान मानू नका. तुमचे फोटो, मार्कशीट, लॉगिन, सगळं होम फोल्डरमध्येच तर असतं.

फोनवर हे तुम्हाला चांगलं कळतं. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान'ची किंवा लग्नपत्रिकेची एपीके फाइल आली, तर तुम्हीच आईबाबांना ओरडून सांगता, उघडू नका! लॅपटॉपवर कुठूनही उचललेली डेब फाइल म्हणजे तीच लग्नपत्रिका.

मग घ्यायचं कुठून? तुमच्या डिस्ट्रोचं स्वतःचं कोठार असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. मेनूमधलं 'सॉफ्टवेअर मॅनेजर' किंवा 'ॲप सेंटर' उघडा, तिथे शोधा. टर्मिनल आवडत असेल तर एप्ट. यामागची व्यवस्था मला मनापासून आवडते. कोठारातल्या प्रत्येक पॅकेजचा एक हॅश असतो, म्हणजे बोटाचा ठसा म्हणा. सगळ्या ठशांची यादी असते आणि त्या यादीवर डिस्ट्रोची डिजिटल सही असते. ती सही तपासायची किल्ली तुमच्या लॅपटॉपवर आधीपासून असते. त्यामुळे वाटेत कुणी पॅकेज बदललं, तर ठसा जुळत नाही आणि एप्ट सरळ नकार देतो.

मराठी टायपिंगचंच घ्या. कुठल्या तरी साइटवरून 'मराठी कीबोर्ड फ्री डाउनलोड' करायची गरज नाही. उबंटूवर 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज कोठारातच आहे. ते टाका, एकदा लॉगआउट करून परत आत या, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा. इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिकही आहे.

कोठारात मिळालं नाही किंवा फार जुनं व्हर्जन असलं, तर फ्लॅटहब बघा. तिथे काही ॲपच्या नावापुढे 'व्हेरिफाइड'ची खूण असते. म्हणजे ते खुद्द बनवणाऱ्यांनीच टाकलंय. खूण नसलेली सगळीच वाईट असं नाही, बरीचशी स्वयंसेवकांनी प्रामाणिकपणे बांधलेली असतात. पण मिंट २२ पासून ती मुळात दाखवतच नाहीत, आणि नवख्या माणसासाठी मला हे बरोबर वाटतं. पैशाशी संबंधित ॲप असेल तर खूण नसताना हातही लावू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये उबंटूच्या स्नॅप स्टोअरवर एक्सोडस या क्रिप्टो वॉलेटच्या नावाने बनावट ॲप आलं होतं. एका माणसाचे त्यात ९ बिटकॉइन गेले. तेव्हाच्या भावाने जवळजवळ ४ लाख ९० हजार डॉलर! स्टोअरमध्ये आहे म्हणजे कुणीतरी तपासलं असेलच, हे गृहीत धरू नका.

त्यानंतर कंपनीची स्वतःची साइट. क्रोमची डेब फाइल टाकली की ती स्वतःची रिपॉझिटरीही जोडते, म्हणून पुढचे अपडेट आपोआप येतात. काही कंपन्या मात्र नुसती फाइल देतात आणि ती तुमच्याकडे वर्षभर तशीच शिळी होत पडते. पीपीए तर कुणीही काढू शकतं. तो जोडणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं. आर्च वापरणाऱ्यांनो, तुम्ही पण ऐका. जुलै २०२५ मध्ये एयूआरमध्ये फायरफॉक्स, लिब्रवुल्फ आणि झेन ब्राउझरच्या नावांवर बेतलेली तीन पॅकेजं आली होती. आत लॅपटॉप दुरून ताब्यात घेणारा प्रोग्रॅम होता. दोनेक दिवसांत काढली, पण तेवढ्यात ज्याने टाकलं त्याने टाकलं.

आणि टर्मिनल! यूट्यूबवर कुणी किंवा एखादा एआय चॅटबॉट सांगतो, ही ओळ कॉपी करून पेस्ट कर. 'कर्ल' ने सुरू होऊन 'पाइप बॅश' ने संपणारी ओळ दिसली की थांबा. इंटरनेटवरची फाइल न वाचताच चालव, असा त्याचा अर्थ. आधी फाइल नुसती उतरवा, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. सगळं नाही कळणार, चालेल. निदान कुठली साइट येते आणि सुडो कुठे येतं, एवढं तरी दिसेल.

'कोठारातच घाण आली तर?' हा प्रश्न रास्त आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास सगळीकडे असणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि तो त्याच्या मागे लागला. अर्धा सेकंद, विचार करा! पण ते व्हर्जन तोवर मुख्यतः डेबियन, फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचलं होतं. डेबियन स्टेबल किंवा उबंटू एलटीएस वापरणाऱ्यांपर्यंत आलंच नाही. म्हणून नवीन असाल तर एलटीएस घ्या. सगळ्यात ताजं व्हर्जन वापरायची हौस नंतर करा.

बाकी गोष्टी पटापट सांगतो. अपडेट आले की टाका. मिंटमध्ये खालच्या पट्टीवर ढालीचं चिन्ह असतं, तिथेच. कर्नलचा अपडेट असेल तर रीस्टार्ट केल्याशिवाय तो लागू होत नाही. फायरवॉल बहुधा बंद असते, 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल' म्हटलं की चालू. अँटिव्हायरससाठी पैसे घालवू नका, त्यापेक्षा एक पेन ड्राइव्ह घेऊन बॅकअप ठेवा.

आणि लोकलमध्ये लॅपटॉप राहिला तर? लॉगिनचा पासवर्ड असून काही उपयोग नाही. कुणीही लिनक्सच्या पेन ड्राइव्हने तो चालू करून तुमच्या फाइली वाचू शकतो. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तरच वाचू शकणार नाही, आणि तो पर्याय इन्स्टॉल करतानाच येतो. तेव्हा निवडला नसेल, तर बॅकअप घेऊन नव्याने टाकणं हाच सोपा मार्ग. एक शनिवार जाईल. तो पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरी ठेवा, कारण विसरलात तर डेटा कायमचा गेला. 'फरगॉट पासवर्ड' असलं काही तिथे नाही.

पुढच्या भागात प्रिंटर. हो, बऱ्याच जणांनी मागितलंय. भेटू!