आधी आपण शिकायचं

रस्त्यावर वाढलेलं एखादं कुत्रं दत्तक घेऊन घरी आणलं, की पहिल्याच संध्याकाळी 'शेकहँड दे' सुरू होतं. शेजारीपाजारी बघायला येतात, मुलं गळ्यात पडतात आणि कुत्रं पलंगाखाली जाऊन बसतं. बसू द्या. पाणी जवळ ठेवा आणि त्याला सोडून तुमच्या कामाला लागा.

त्या काळात शिकायचं आपण. कुकरची शिट्टी झाली की त्याच्याकडे बघा. कान मागे जातात, शेपटी पोटाखाली जाते, जीभ नाकावरून फिरते, मधूनच जांभई येते. ही जांभई झोपेची नव्हे, ताणाची. गुरगुरलं तर फटका मुळीच नको. 'लांब राहा' एवढंच ते सांगत असतं. ते सांगणं मारून बंद केलंत, तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

शिट्टीची भीती घालवता येते. अन्नाच्या नुसत्या चाहुलीनंही कुत्र्याला लाळ सुटते, हे रशियात शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. तर, कुत्र्याला स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत ठेवा आणि शिट्टी झाल्याबरोबर उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्या. हळूहळू शिट्टी म्हणजे खाऊ, असं समीकरण बसतं.

शी-शूचंही तसंच. त्याला मातीची सवय, आपल्याकडे फरशी. झोपून उठल्यावर आणि जेवल्यावर लगेच बाहेर न्या, रोज त्याच जागी. काम झालं की खाऊ तिथल्या तिथे. घरी येऊन दिलात, तर बक्षीस घरी परतण्याचं ठरतं. घरात केलीच, तर वास राहणार नाही अशी पुसून घ्या. त्यात नाक घासायची जुनी रीत निव्वळ क्रूर. त्यातून कुत्रं तुमच्या नजरेआड, सोफ्यामागे शू करायला तेवढं शिकतं.

'बस' वगैरे नंतर. तेव्हाही आजी 'बस', नातू 'सिट' आणि बाबा 'खाली हो' म्हणाले, तर बिचाऱ्यानं ऐकायचं कुणाचं? घरानं एक शब्द ठरवावा.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला बाधतात. लाडानंही देऊ नका. रेबीजची लस पशुवैद्यांना विचारून वेळेवर द्या. आणि फिरवताना छातीवरून बांधायचा हार्नेस वापरा. फटाका वाजला की घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून गळ्यातल्या पट्ट्यातून सहज निसटतं.