परदेशांतील विद्यार्थिदशा

तीर्थपुरीसारख्या गांवाहून व्यापारशास्त्र शिकण्यासाठीं परदेशीं जाणाऱ्या तरुणास थंडीची व परक्या अन्नाची धास्ती वाटते. परंतु त्यांची संवय होते. खरी कसोटी लागते ती पैशाची आणि धीराची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९१६ सालीं लंडनमध्यें अर्थशास्त्राचा अभ्यास त्यांनीं आरंभिला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानें १९१७ सालीं तो अर्धवट सोडून परतावें लागलें. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयांत अध्यापन करून त्यांनीं पैसा सांठविला, १९२० सालीं पुन्हां लंडन गांठलें, काटकसरीनें राहून ग्रंथालयांत दिवस घालविले आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळविली.

तेव्हां निघण्यापूर्वींच अखेरपर्यंतच्या खर्चाची तजवीज करावी. आणि मुलास मध्येंच परतावें लागलें, तर घरच्यांनीं त्यास अपयशी समजूं नये.