दोन दगडांवर पाय
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



'दोन दगडांवर पाय ठेवू नये' हा उपदेश आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकला आणि मुलांनाही ऐकविला. दहावीचा निकाल लागला की घरोघरी तो पुन्हा कानी येतो : गणित तरी घे, नाहीतर जीवशास्त्र तरी. आमच्या कन्येला दोन्हींची ओढ होती. आम्ही तिला एक विषय सोडावयास लावला. त्या उपदेशाविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रविद्येत आमचा अधिकार नाही. वाचून जे समजले, तेवढेच सांगतो.

प्राणी धावतात कसे, ह्याचा अभ्यास अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक रॉबर्ट फुल ह्यांनी केला. त्या विद्यापीठात जीवशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून, प्राण्यांच्या हालचाली स्वतःच्या हातांनी मोजावयास लावणारा प्रयोगशाळेतील अभ्यासक्रम चालविला गेला.

आपल्या स्वयंपाकघरातील झुरळच घ्या. धावताना त्याचे तीन पाय टेकलेले आणि तीन उचललेले असतात. एका बाजूचे पुढचा व मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला, अशी ती तिवई असते. ह्याच धर्तीवर सहा लवचिक पायांचे एक चालते यंत्र सिद्ध झाले व 2001 मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. प्रत्येक पायास एकच मोटर. तरीही ते खाचखळग्यांतून धावते.

दुसरे उदाहरण सरड्याचे. विद्यार्थ्यांनी सरड्यास एका ठोकळ्यावरून उभ्या भिंतीवर उडी घ्यावयास लावले. ठोकळा कधी खरबरीत, कधी निसरडा ठेवला. निसरड्यावर पाय घसरला की अंग पुढे कोलमडू पाहते. परंतु सरडा शेपूट वर फेकतो आणि अंगाची गिरकी शेपटीवर निभावते. हे खरे की भास, हे ठरविण्यासाठी त्यांनी शेपूट असलेली एक लहानशी गाडी बनविली. नुसत्या शेपटीने ती नाकावर आपटली. मात्र अंगाचा कल ओळखणारे उपकरण शेपटीच्या मोटरीस जोडताच ती हवेत सावरली. 2012 च्या जानेवारीत हे संशोधन 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ह्यांत श्रेय कोणाचे? सरड्याची सवय जाणणाऱ्याचे, की मोटर जोडणाऱ्याचे? एकट्याने कोणासही हे साधले नसते. शिवाय प्रयोगाचा विषयच मुळी घसरणे हा होता. आपल्या घरांत मात्र मूल घसरू नये, म्हणूनच आपण एक दगड काढून घेतो. आम्ही तेच केले, आणि ती चूक होती.

म्हणून मंडळास एक विनंती आहे. रविवारी ग्रंथालयाची खोली दोन तास मुलांना द्यावी. टेबलावर भिंग, मोटरी, तारा, पुठ्ठा असावा; खिडकीत मुंग्या व कोळी आहेतच. कोणती शाखा, हा प्रश्न तेथे विचारू नये.

आपण स्वतः तरी काय केले? घरात मराठी बोललो, बाजारात इथली भाषा शिकलो. पन्नास वर्षे हे मंडळ दोन दगडांवरच उभे आहे. मुलांना ती मुभा देण्यास आपण भिऊ नये.