आंबवणीचे पाणी

मोसंबीच्या बागेत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना 'ताण' म्हणजे काय हे मी सांगायला नको. पण तुमच्यापैकी कित्येकांनी मोसंबी फक्त रसाच्या गाड्यावरच पाहिली असेल, म्हणून थोडे सांगतो. आमच्या अंबड भागात आंबे बहार धरायचा असला म्हणजे डिसेंबरात बागेचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, काळ्या भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत झाडाला पाणी दाखवायचे नाही. पाने निस्तेज होतात, पिवळी पडतात, गळू लागतात. पाव हिस्सा पाने गळाली की जाणता माणूस म्हणतो, "बस्स, आता ताण तोडा." मग पाणी सुरू होते आणि झाड फुलांनी भरून जाते. बागेत शिरले की त्या वासाने माणूस जागच्या जागी उभा राहतो.

ही माहिती मी बागाइतीसाठी सांगत नाही. आज मला बोलायचे आहे ते मनाच्या एका आजाराविषयी. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात, आमच्याकडे लोक नुसतेच म्हणतात, "त्याचं मन लागत नाही." हा आजार मला झाला होता. होता म्हणतो, पण अजूनही तो अधूनमधून येऊन जातो. आणि तो झाला तेव्हा एका हितचिंतकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले होते, "गुरुजी, मोसंबीला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही. तुमचंही तसंच समजा." ते वाक्य त्या वेळी मला फार लागले. का लागले, हे समजायला पुढे बराच काळ गेला.

2012 साली पावसाने दगा दिला. 2013 च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. विहिरी आटल्या. नाथसागराच्या डाव्या कालव्यावर ज्यांची भिस्त होती, त्यांच्याही तोंडचे पाणी पळाले. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडांच्या बुंध्याशी पाणी ओतले, आणि पैसे संपले तेव्हा तीच झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपणाला घातली. आमची सव्वाशे झाडे होती, वडिलांनी लावलेली. रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळे भरताना मी लहानपणी त्यांच्या शेजारी सुतळी धरून बसत असे. ती सगळी गेली.

गंमत अशी, की दुष्काळात मी आजारी पडलो नाही. तेव्हा धावपळ होती. आजारी पडलो तो पुढच्या पावसाळ्यात, जेव्हा पाऊस बरा झाला, ओढे वाहू लागले आणि शेजारपाजारचे लोक पेरणीला लागले तेव्हा. पहाटे तीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. जेवण मातीसारखे लागे. वर्तमानपत्राची तीच ओळ चारदा वाचायची आणि अर्थ लागायचा नाही. छत्तीस वर्षे मुलांना गणित शिकवलेल्या माणसाला वाण्याच्या यादीची बेरीज जमेना. दुःख झाले असते तर एक वेळ बरे, माणूस रडून मोकळा होतो. इथे दुःखही नव्हते. नात कडेवर घेतली तरी आत काही हलत नसे, आणि त्याचीच भीती वाटे.

घरच्यांनी घरच्या रीतीने उपाय केले. वहिनींनी दृष्ट काढली. कोणी म्हणाले बाहेरचे आहे. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, रिकामं बसल्यानं होतंय हे. उठा, रानात चला, दिवसभर राबा, आपोआप झोप लागेल." मी गेलोही एक दिवस. तोडलेल्या झाडांचे खुंट पाहिले आणि परत येऊन तीन दिवस अंथरूण सोडले नाही. भावाचा राग धरू नका, प्रेमानेच म्हणाला तो. पण त्या उपायात एक चूक होती, आणि ती बागाइतदाराने तरी करायला नको होती. ती कोणती, तिकडे येतोच.

मला डॉक्टरकडे नेले ते बायकोने. "तुम्ही वेडे नाही, पण तुम्ही आजारी आहात," एवढेच ती बोलली आणि जालन्याच्या एस.टी.त बसवले. डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, कारण थायरॉइडचा दोष किंवा रक्त कमी असणे, यांनीही माणूस असाच खचलेला दिसतो. मग त्यांनी सरळ विचारले, "गुरुजी, जगू नये असं मनात येतं का?" मी मान हलवली. आजवर हे कोणी विचारले नव्हते, आणि कोणी विचारावे असे मला किती दिवस वाटत होते ते त्या क्षणी कळले. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. तो विचार आधीच असतो. विचारल्याने तो एकट्याचा राहत नाही. तुमच्या घरी कोणी असा गप्प झालेला असेल तर विचारा. आणि उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 2017 सालचा मानसिक आरोग्याचा कायदा 2018 पासून अमलात आला. तो जीव देऊ पाहणाऱ्या माणसाला गुन्हेगार न मानता सोसण्यापलीकडचा ताण आलेला माणूस मानतो. बघा, कायद्यालाही तोच शब्द सापडला!

औषध सुरू झाले. डॉक्टरांनी आधीच बजावले होते, की दोन ते चार आठवडे काही फरक दिसणार नाही, तोंड कोरडे पडेल, मळमळेल, पण गोळी सोडायची नाही. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यायची आणि बंद करायची ती विचारून, हळूहळू. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागते असे आमच्याकडे समजतात. तसे काही नाही. माझी झोप तिसऱ्या आठवड्यात परत आली. पण झोप आली म्हणून उमेद आली नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, "झोपतो आता, पण उठायचं कशासाठी?"

त्यांनी उत्तर दिले नाही. एक वही दिली. म्हणाले, "उमेदीची वाट पाहू नका. रोज एक काम ठरवा, इतकं लहान की लाज वाटावी. केलं की लिहा. मनाला बरं वाटलं की नाही ते नंतर पाहू."

पहिले काम होते दाराच्या तुळशीला तांब्याभर पाणी घालणे. खरोखर लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात मत्स्योदरी देवीच्या टेकडीपर्यंत चालत जायचे ठरले. माशाच्या आकाराची ती टेकडी, तिच्यावरून देवीला ते नाव. लहानपणी तिच्या पायऱ्या आम्ही धावत चढत असू. पहिल्या दिवशी मी पायथ्याशी टेकून परत आलो. वहीत लिहिले : 'पायथा. बरे वाटले नाही.' चौथ्या दिवशी काही पायऱ्या चढलो. वहीत पुन्हा तेच, 'बरे वाटले नाही.' डॉक्टर ती वही वाचून खूश झाले. मला त्यांचे आश्चर्य वाटले.

पुढे वाचनात आले, की ही काही त्यांची एकट्याची लहर नव्हती. अमेरिकेत लुइन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात हा विचार मांडला होता. खचलेला माणूस कामे सोडतो, माणसे सोडतो. ती सोडल्याने त्यांच्यापासून मिळणारे लहानसहान सुख आटते. सुख आटल्याने तो आणखी आत जातो. हे चक्र मनाकडून फिरवता येत नाही, हातापायांकडून फिरवता येते. आणि याची कसून परीक्षा झाली ती आपल्या शेजारी, गोव्यात. 'संगात' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या 495 रुग्णांवर ही रीत वापरून पाहिली. समुपदेशक डॉक्टर नव्हते. गोव्यातलेच, शिकवून तयार केलेले साधे लोक. सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी पाहिले तर ज्यांना या बैठका मिळाल्या त्यांतले शंभरी 64 जण आजारातून बाहेर होते, ज्यांना नुसते नेहमीचे उपचार मिळाले त्यांतले 39. या कामाचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उरलेले 36 जण मात्र मी विसरत नाही. त्यांना दुसरे काही लागते, वेगळे औषध, अधिक काळ.

विदर्भातही, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा असाच उपक्रम झाला. तिथे नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी शंभरी जेमतेम 4 होते, दीड वर्षाने 27 झाले. म्हणजे आधी शंभरातले 96 जण आमच्यासारखे दृष्ट काढत आणि गप्प बसत होते.

आता बागेकडे येतो. ताण तोडताना पाणी कसे देतात ठाऊक आहे? एकदम पाट सोडून देत नाहीत. पहिले पाणी हलके, नुसती माती ओली होईल एवढे. त्याला आंबवणी म्हणतात. तीन-चार दिवसांनी दुसरे, थोडे अधिक, ती चिंबवणी. पुढे आठवड्याने नेहमीचे पाणी. उतावळ्या माणसाने पहिल्याच दिवशी आळी तुडुंब भरली तर झाड पालवीवर जाते, फूल धरत नाही. माझा भाऊ मला दिवसभर राबायला नेत होता ते तुडुंब पाणी होते. डॉक्टरांचा तांब्या ही आंबवणी होती.

आणि त्या हितचिंतकाचे वाक्य का लागले, तेही इथेच उमगले. बागेला ताण देतो तो मालक. तो दिवस मोजतो, पाने पाहतो, जमीन हलकी की भारी ते जाणतो, आणि वेळ झाली की ताण तोडतो. 2013 चा उन्हाळा हा ताण नव्हता, दुष्काळ होता. त्याने बहार आला नाही, झाडे मेली. आजारी माणसाला 'याने तुझे भलेच होईल' असे सांगू नये. त्याचे पाणी कोण सुरू करणार, हे विचारावे.

बहाराचे म्हणाल, तर माझा बहार मोठा हास्यास्पद रीतीने आला. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात गारपीट झाली. गहू आडवा झाला, फळबागा झोडपल्या गेल्या. शेजारचा एक पोरगा दारात आला, "गुरुजी, नुकसानीचा अर्ज लिहून द्या, मला जमत नाही." मला बोलायचीही इच्छा नव्हती, पण नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते, म्हणून लिहून दिला. संध्याकाळी त्याचा चुलता आला. दुसऱ्या दिवशी तिघे. आठवड्याने ओट्यावर सतरंजी अंथरावी लागली. गट नंबर, क्षेत्र, झाडांची संख्या. बेरजा पुन्हा जमू लागल्या. एके रात्री वही उघडली तेव्हा ध्यानात आले, की चार दिवस मी 'बरे वाटले नाही' हे लिहायलाच विसरलो होतो.

याला जीवनाचे प्रयोजन वगैरे म्हणावे का? मोठा शब्द आहे. दासबोध लिहिणाऱ्या समर्थांचा जन्म इथून जवळच, जांबेत, 1608 साली झाला. लहानपणीच ते विश्वाची चिंता करीत बसले होते असे सांगतात. पण त्याच माणसाची करुणाष्टके वाचा, केवढी तळमळ आहे तिथे! मला तर विश्व झेपत नाही. ओट्यावरचे सात-आठ लोक झेपतात.

मघाशी म्हटले तसे, आजार येऊन जातो. 2019 साली पुन्हा आला होता. फरक एवढाच, की पहाटे तीनची जाग मी ओळखली आणि दुसऱ्या आठवड्यातच जालन्याची गाडी धरली. पहिल्या वेळी सहा महिने दवडले होते. तुम्हाला, किंवा तुमच्या घरी कोणाला, दोन आठवडे सलग असे वाटत असेल तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर असतात. गावच्या आशाताईंना सांगा. 2015 साली विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून त्यांना हे काम नवे नाही. आणि रात्री-बेरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर 14416 हा फोन आहे, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेला. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

बाग मी पुन्हा लावली, पण चाळीसच झाडे. भाऊ म्हणतो, "दादा, आणखी लावा की." बघू. यंदा डिसेंबरात त्यांचे पाणी तोडले आहे. पाने पिवळी पडू लागली आहेत, अजून गळत नाहीत. मी रोज सकाळी जाऊन मोजतो.