अद्ययावतीकरणानंतर बिघडणारा लॅपटॉप

(ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त पाठ)



विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्या निमित्ताने अनेक कचेऱ्यांतील व शाळांतील लॅपटॉप विंडोज ११ वर नेण्यात आले. काल बिनतक्रार चालणारे यंत्र अद्ययावतीकरणानंतर वायफाय ओळखत नाही, आवाज देत नाही किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाची दखल घेत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. ग्रामपंचायतीत हा शेवटचा बिघाड विशेष जाचक ठरतो. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांवाचून ई-ग्रामस्वराज प्रणालीतून देयक निघत नाही.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. ‘फॉरमॅट मारा’ हा पहिला, आणि ‘अपडेट कायमचे बंद करा’ हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर २०१७ साली मिळाले आहे. वॉनाक्राय या घातक प्रोग्रामने त्या वर्षी मे महिन्यात जगभरातील संगणक वेठीस धरले. ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. ती न बसविणारे नाडले गेले. अर्थात, अद्ययावतीकरण निर्दोषच असते असेही नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ च्याच एका अपडेटमुळे विंडोज ११ च्या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचे माऊस व कळफलक चालेनासे झाले आणि २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती काढावी लागली!

बहुतेक वेळा यंत्र मोडलेले नसते. प्रणाली आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा ‘ड्रायव्हर’ नव्या प्रणालीशी जुळत नाही, एवढेच. म्हणून जी कृती मागे घेता येते ती आधी करावी. प्रथम ‘रीस्टार्ट’ करावे, ‘शट डाउन’ नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असली तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपला जातो व पुढच्या वेळी तोच परत येतो, रीस्टार्टमध्ये तो नव्याने सुरू होतो. एवढ्याने भागले नाही, तर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा, किंवा ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून पूर्वीचा परत आणावा. टोकनाचा ड्रायव्हर मात्र टोकन बनविणाऱ्याकडूनच घ्यावा. त्यानंतर ‘अपडेट हिस्टरी’मधून ताजे अपडेट काढून पाहावे. पूर्ण नवी आवृत्ती बसविली असल्यास मागे जाण्याची मुदत सामान्यतः १० दिवसांची असते. ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर सांकेतिक स्वरूपात बंदिस्त असतो. अद्ययावतीकरणानंतर वा दुरुस्ती करताना यंत्र एकाएकी ‘बिटलॉकर’ची ४८ अंकी किल्ली मागू शकते. ही किल्ली बहुधा लॅपटॉप प्रथम सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. कार्यालयाचा लॅपटॉप एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्यावर सुरू केला, पुढे त्याची बदली झाली, तर किल्लीही त्याच्याबरोबर गेली असे समजा. ती हरवली तर मायक्रोसॉफ्टही ती पुन्हा तयार करून देऊ शकत नाही. मग डिस्कवर केवळ तेथेच असलेली करवसुलीची यादी, सभेची इतिवृत्ते, मुलांच्या गुणांची नोंद हे सारे यंत्र धडधाकट असूनही अप्राप्य होते. फॉरमॅट मारणारा कारागीर यंत्र चालू करून देईल, नोंदी देऊ शकणार नाही.

तेव्हा आज परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपची किल्ली शोधावी, कागदावर उतरवून कपाटात कुलूपबंद ठेवावी आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत तिची स्वतंत्र नोंद करावी. नोंदींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि अद्ययावतीकरण चालू असताना ती डिस्क लॅपटॉपला जोडलेली ठेवू नये.