रिपोर्ट आपला, फोन घरातल्या सगळ्यांचा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



पेठ, सुरगाण्याकडून नाशिकच्या दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. म्हणून डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाका, मी बघून सांगतो." ही सोय चांगलीच आहे. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनचे नियम काढले. त्यात नोंदणी असलेल्या डॉक्टरांना फोनवर, व्हिडिओवर, व्हॉट्सॲपवर सल्ला द्यायला मुभा आहे.

पण रिपोर्ट येतो तो फोन कोणाचा? केसपेपर काढताना नंबर विचारला, की आपण पटकन नवऱ्याचा नाहीतर दिराचा नंबर सांगतो. मग सोनोग्राफी, पिशवीचा त्रास, एचआयव्हीची तपासणी, सगळं आधी दुसऱ्याच्या हातात जातं. जिचा रिपोर्ट तिला कळायच्या आत गल्लीत बोभाटा होतो. या भीतीने बाई तपासणीलाच जात नाही आणि दुखणं अंगावर काढते. खरं नुकसान ते आहे.

गटातल्या बाईचं कर्जखातं आपण पारावर उघडत नाही. मग तिचं दुखणं तरी का उघडायचं?

डॉक्टरांवरही बंधन आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाची माहिती त्यांनी गुप्त ठेवायची असते आणि रुग्णाने आपले कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय सांगता येत नाही. गर्भपाताच्या कायद्यातही २०२१ च्या दुरुस्तीने बाईचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक झालं. त्यामुळे विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

आता करायचं काय, ते सांगते.

पहिलं, केसपेपरवर स्वतःचा नंबर लिहा. घरात एकच फोन असेल तर काउंटरवर स्पष्ट सांगा, "रिपोर्ट पाठवू नका, मी येऊन नेते. फोन केलाच तर फक्त या म्हणा."

दुसरं, डॉक्टरांना विचारा, "हा व्हॉट्सॲप नंबर कोण बघतं?" पुष्कळदा तो फोन कंपाउंडरकडे किंवा रिसेप्शनवर असतो. नाजूक गोष्ट असेल तर ती समोरासमोर नाहीतर डॉक्टरांशी थेट फोनवर बोला.

तिसरं, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला रिपोर्ट त्यांच्या फोनवर पाठवतो ना? प्रिंट हातात आली की त्यांच्या फोनमधून आणि कॉम्प्युटरमधूनही आपल्या डोळ्यांदेखत काढून टाकायला लावा.

चौथं, गटाच्या ग्रुपवर कोणाचाही रिपोर्ट टाकायचा नाही. मदत गोळा करायची असली तरी आधी त्या बाईला विचारा. आजाराचं नाव न घेताही मदत मागता येते.

पाचवं, व्हॉट्सॲपवर चिठ्ठी आली तर तिच्यावर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक बघा. "रिपोर्ट उघडा" म्हणून एपीके नावाची फाईल आली तर हात लावू नका. रिपोर्ट पीडीएफ नाहीतर फोटो असतो. ओटीपी कोणालाच सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि अंगावरून खूप जातंय, छातीत दुखतंय, बाळ हलत नाहीये, अशा वेळी मेसेज टाकून निळ्या टिकची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन लावा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली दवाखान्याची फाईल काढून बघायची, नंबर कोणाचा लिहिलाय ते. चुकीचा असेल तर पुढच्या खेपेला बदलून घ्यायचा. जिला लिहिता येत नाही तिच्यासोबत गटातल्या एकीने जायचं. आणि जिने साथ दिली, तिने तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं.